गाडीवर छापील स्टिकर लावायचाय? मशीन शेवटी विचारा

सोलापुरात गाडीवर काहीही चिकटवायचं असलं की त्याला रेडियमच म्हणतात. रिक्षाच्या काचेवरचं ‘सिद्धेश्वर प्रसन्न’, पाण्याच्या टँकरवरचा मोबाइल नंबर, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या पिकअपवरचा रंगीत फोटो, सगळं रेडियम. त्यात रेडियम नावाला नसतं, पण नाव पडलं ते पडलं. घोळ असा, की या एका नावाखाली चार-पाच वेगळे माल विकले जातात. त्यातल्या एकाच्या कडा सहा महिन्यांत उचलतात आणि दुसरा पाच वर्षं हलत नाही. नवीन माणसाला हातात घेऊन दोन्ही सारखेच वाटतात.

या कामात नव्यानं उतरलेली पोरं माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न मशीनचा असतो. इको-सोल्व्हंट घेऊ का लॅटेक्स? (ही छपाईच्या मशीनची नावं, पुढे येतीलच.) मी विचारतो, गाडी कुठली आहे? ती दुपारी उभी कुठे राहते? मालकाला किती दिवस ठेवायचंय? ही उत्तरं मिळाली की विनाइल, म्हणजे ज्यावर छापतात ती चिकट पाठीची फिल्म ठरते, तिच्यावरून लॅमिनेशन, म्हणजे छपाईवरचं पारदर्शक आवरण ठरतं आणि मग मशीन. मी त्याच क्रमानं सांगतो.

आधी गाडीभोवती एक फेरी

टेप घेऊन गाडीपाशी जा. मालकानं व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोवरून माप काढू नका.

तळहात पत्र्यावरून फिरवा. छोटा हत्तीची मागची फळी किंवा बंद कंटेनरची बाजू सपाट असते, तिथे साधा मालही चालतो. गाडीचा दरवाजा एकाच दिशेनं वळलेला असतो, तिथे जरा बरा माल लागतो. खरी परीक्षा व्हॅनच्या बाजूला दाबून काढलेल्या खोल खाचांची, रिव्हेटच्या डोक्यांची आणि पन्हळी पत्र्याची. तिथे विनाइल एकाच वेळी दोन दिशांना वळवावं लागतं, ताणावं लागतं. असल्या जागा खडूनं खुणा करून वेगळ्या मोजा. बंपर, आरशांची पाठ आणि दाराखालची खरबरीत काळी प्लास्टिकची पट्टी यांवर बहुतेक विनाइल धरतच नाही. तिथे डिझाइन न्यायचंच नाही.

मग रंग बघा. बोट घासल्यावर खडूसारखी भुकटी लागली तर तो रंग मेलेला आहे. विनाइल रंगाला चिकटेल, पण रंग पत्र्याला चिकटलेला नाही, मग धरणार काय? चांगली चिकट टेप दाबून लावा आणि झटक्यात ओढा. टेपवर रंगाचे पापुद्रे आले तर काम तिथेच थांबवा, मालकाला टेप दाखवा आणि गाडी गॅरेजला पाठवा. गॅरेजमधून नुकत्याच रंगवून आलेल्या गाडीवरही घाई नको. ताज्या रंगातून थिनरची वाफ कित्येक दिवस निघत राहते आणि विनाइलखाली फुगे धरते. भट्टीत न सुकवलेल्या रंगाला दोन-तीन आठवडे तरी द्या. शंका असली तर तळहाताएवढा तुकडा लावून एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी बारीक फुगे दिसले तर थांबा.

आणि हँडल, दरवाजाची फट, डिझेलचं झाकण यांची मापं जरूर टिपा. एका निवडणुकीत मी उमेदवाराचा चेहरा असा बसवला होता, की गाडीत चढणारा प्रत्येक कार्यकर्ता त्यांच्या नाकाला धरूनच दार उघडायचा. मोबाइल नंबरचा एक आकडा फटीत जातो ही तर नेहमीची रड.

किती दिवस ठेवायचंय?

मालकाला विचारलं की तो म्हणतो, “कायम टिकलं पाहिजे की वो!” आणि पैसे मात्र जाहिरातीच्या फ्लेक्सएवढे द्यायचे असतात. म्हणून प्रश्न वेगळा विचारा. गड्ड्याच्या यात्रेपुरतं, जानेवारीचा एक महिना? एखाद्या योजनेच्या प्रचारापुरतं, तीन महिने? का गाडी विकेपर्यंत?

थोड्या दिवसांच्या कामाला काढता येणाऱ्या गोंदाचं, म्हणजे रिमूव्हेबल विनाइल मागा आणि ते ठरल्या दिवशी खरंच काढा. स्वस्त विनाइल उन्हात वर्ष-दीड वर्ष राहिलं की वरचा पापुद्रा ठिसूळ होतो आणि नखाएवढे तुकडे पडत निघतो. खालचा गोंद गाडीवरच राहतो. मग दोन माणसं दिवसभर हीट गन आणि रॉकेल घेऊन बसतात. ती मजुरी आधीच्या बिलात कुणीही धरलेली नसते.

विनाइल: लाटलेली पुरी आणि ओतलेलं धिरडं

हा भाग नीट समजून घ्या, नुकसान होतं ते इथेच.

गाडीसाठीचं विनाइल म्हणजे पीव्हीसीची पातळ फिल्म. ती बनवण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत पीव्हीसीचा गरम गोळा मोठ्या रुळांमधून दाबून पातळ करतात. याला कॅलेंडर्ड म्हणतात. दुसरीत पातळ द्रव कागदावर ओततात आणि भट्टीतून सुकवून नेतात. ते कास्ट. पोळपाटावर पुरी जोर लावून लाटली की हात काढल्याबरोबर थोडी आकसते. तव्यावर ओतलेलं धिरडं पसरतं तिथेच राहतं, कारण त्याला कुणी ताणलेलंच नसतं. कॅलेंडर्ड विनाइल ही लाटलेली पुरी. कारखान्यात रुळांनी दिलेला ताण त्याच्या अंगात असतो आणि सोलापूरचं ऊन लागलं की ते मूळच्या मापाकडे परतू पाहतं. कडा आत सरकतात, गोंदाची रेघ उघडी पडते, धूळ बसून ती काळी होते.

कॅलेंडर्डमध्येही दोन जाती. मोनोमेरिक सगळ्यात स्वस्त. फिल्म मऊ राहावी म्हणून त्यात घातलेलं प्लॅस्टिसायझर लहान रेणूंचं असतं, ते हळूहळू बाहेर पडतं आणि फिल्म कडक होते. सपाट फळीवर सहा महिने, वर्षभर, ठीक. पॉलिमेरिकमध्ये ते लांब साखळीचं असतं, सहज निसटत नाही. सपाट आणि हलक्या वळणाच्या गाडीला तीन-चार वर्षांच्या बोलीवर मी पॉलिमेरिक देतो. माझी निम्म्याहून जास्त कामं यातच बसतात आणि त्यात कमीपणा काही नाही. खोल खाचा, रिव्हेट, पूर्ण गाडीचं रॅप आलं की मात्र कास्टच.

जाडीवर जाऊ नका. गिऱ्हाईक चिमटीत धरून म्हणतं, “हे जाड आहे, हेच द्या.” कॅलेंडर्ड साधारण ७० ते १०० मायक्रॉन असतं आणि महागडं कास्ट ५० च्या आसपास. पातळ आहे म्हणूनच ते रिव्हेटच्या डोक्यावर कापडासारखं बसतं.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. एका गिऱ्हाइकाची बंद व्हॅन होती, दोन्ही बाजूंना बोटभर खोल खाचा. कास्टचा दर ऐकून मालक मागे सरले आणि मीही म्हणालो, पॉलिमेरिक बसवून देतो, चिंता नको. हीट गननं तापवून, ताणून, खाचेत असं बसवलं की स्वतःलाच शाबासकी द्यावी. एप्रिल होता. आठव्या दिवशी व्हॅन दारात. खाचेतलं विनाइल सगळीकडे उचलून हलगीच्या कातड्यासारखं ताठ झालेलं. बोटानं टिचकी मारली तर वाजत होतं. दोन्ही बाजू खरवडून काढल्या आणि कास्टनं पुन्हा केल्या, माझ्या खिशातून. दोष विनाइलचा नव्हता, त्याला नको तिथे मी ताणलं होतं.

दुकानदार “कास्टच आहे” म्हणाला तरी पारखून घ्या. थ्रीएमची आयजे १८०, एव्हरी डेनिसनची एमपीआय ११०५, ओराफोलची ओराजेट ३९५१ या छपाईसाठीच्या कास्ट फिल्म आहेत. खोक्यावरचं नाव आणि क्रमांक वाचा, त्या क्रमांकाचं माहितीपत्रक कंपनीच्या साइटवर मिळतं. सुट्टा, नाव नसलेला रोल असला तर घरचा उपाय: स्वच्छ पत्र्यावर वीतभर तुकडा चिकटवा, मधोमध ब्लेडनं फुलीसारखा चीर द्या आणि पत्रा गच्चीवर ठेवा. आठवडाभरानं चीर किती रुंदावली ते बघा. कास्टवर ती केसाएवढीच राहते, मोनोमेरिकवर लांबून दिसते. कारखान्यांच्या प्रयोगशाळेत ७० अंशांच्या भट्टीत ४८ तास ठेवून अशीच चाचणी घेतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की गच्चीवरचा पत्रा ते काम बऱ्यापैकी करतो.

गोंदाचंही बघा. जुन्या नावावर नवं स्टिकर चढवायचं असेल, किंवा गाडीला दोन रंग असतील, तर मागून राखाडी गोंद असलेलं विनाइल घ्या. पांढऱ्या पाठीचं घेतलं तर खालचं जुनं नाव भुतासारखं दिसत राहतं. गोंदात हवा निघायच्या बारीक नाळी असलेला माल थोडा महाग, पण नवशिक्यानं तोच घ्यावा. फुगा बोटानं सरकवून बाहेर काढता येतो.

लॅमिनेशनमध्ये काटकसर नको

छपाईवर पारदर्शक फिल्म चढवतात, ते लॅमिनेशन. ते ऊन अडवतं, ओरखडे झेलतं आणि आमच्या ड्रायव्हर मंडळींपासून वाचवतं. गाडी चमकावी म्हणून डिझेलच्या फडक्यानं पुसायची सवय अजून गेलेली नाही. उघड्या छपाईवर ते फडकं फिरलं की फडक्यालाच रंग चढतो.

नियम एवढाच: कास्टवर कास्ट लॅमिनेशन, पॉलिमेरिकवर पॉलिमेरिक. खाली महाग कास्ट आणि वर स्वस्त कॅलेंडर्ड लॅमिनेशन असं केलं, तर वरचं आकसताना खालच्यालाही ओढून घेतं आणि कडा वर वळतात. पैसे कास्टचे गेले, वागणूक मोनोमेरिकची मिळाली. ग्लॉस का मॅट हा आवडीचा प्रश्न आहे. ग्लॉसवर धूळ लवकर पुसली जाते, मॅटवर दुपारच्या उन्हात अक्षरं नीट वाचता येतात.

आता मशीन

पहिलं सांगतो, नवीन असाल तर मशीन घेऊच नका. वर्षभर बाहेरून छापून आणा. लॅमिनेटर आणि कटिंग प्लॉटर (विनाइल आकारात कापणारं मशीन) यांवर हात बसवा, लावायचं काम शिका. गाडीच्या कामात पैसा लावण्याच्या कसबात आहे. पण छापून घ्यायचं तरी कोणत्या मशीनवर, हे कळायला हवं.

दहा फुटी फ्लेक्सचं सोल्व्हंट मशीन प्रत्येक पेठेत सापडेल. त्याची शाई सोल्व्हंटमध्ये, म्हणजे थिनरसारख्या द्रवात कालवलेली, जहाल, विनाइलमध्ये मुरते आणि उन्हात टिकते. शाईचा ठिपका मात्र मोठा असतो. चौकातून जाणाऱ्या कंटेनरवर वीस फुटांवरून वाचायचं काम असेल तर बिनधास्त करा. दरवाजावर शेंगा चटणीच्या वाटीचा फोटो हवा असेल तर नको, शेंगदाणे वाळूसारखे दिसतील.

गाडीच्या कामाचा आपल्याकडचा खरा बैल म्हणजे इको-सोल्व्हंट. शाई तीच पण सौम्य, वास कमी, ठिपका बारीक, आणि ताणलं तरी शाई फिल्मबरोबर ताणली जाते. दुखणं एकच, सुकायला वेळ द्यावा लागतो. हात लावून कोरडी वाटली तरी आत सोल्व्हंट असतं. तसंच लॅमिनेशन केलं तर ते कोंडतं, खाली गोंदात उतरतं आणि गोंद मऊ पडून कडा सुटतात. २४ तास किमान, गडद रंगाचं काम असेल तर ४८. रोल घट्ट गुंडाळून कोपऱ्यात उभा केला म्हणजे सुकला असं नाही. सैल गुंडाळून उभा ठेवा, मध्ये हवा खेळली पाहिजे, नाहीतर दोरीवर टांगा. पावसाळ्यात एक दिवस वाढवा. मी नाक लावतो. रोलच्या मधोमध वास आला की तो अजून तयार नाही. दुसऱ्या दिवशी गाडीची पूजा आहे म्हणून मालक डोक्यावर बसतात, तेव्हा हे सांगायला जीभ जड होते, पण सांगायचं.

इतकं थांबायचं नसेल तर लॅटेक्स. एचपीनं २००८ मध्ये ही मशीनं आणली. शाई पाण्याच्या आधाराची, मशीनमध्येच उष्णतेनं पक्की होते, त्यामुळे छापलं की लगेच लॅमिनेशन करता येतं. वास जवळजवळ नाही, बंद खोलीतही चालतं. मात्र वीज जास्त खातं आणि त्या उष्णतेत स्वस्त विनाइल कधीकधी लहरतं. सकाळी दिलेलं काम संध्याकाळी लावायचं असेल तर मी लॅटेक्सवाल्याकडेच जातो.

यूव्ही मशीनबद्दल नवीन पोरांना फार आकर्षण असतं, कारण त्यातल्या अतिनील दिव्याखाली शाई क्षणात वाळते. पण ती फिल्मच्या वर थर धरून बसते. ॲक्रिलिक, सनबोर्ड, सपाट फळी यांवर झकास. खाचेत ताणलं की साध्या यूव्ही शाईला तडे जातात. ताणली जाणारी यूव्ही शाईही मिळते, पण छापणाऱ्यानं तीच भरलीय का, हे त्याच्या तोंडून नाही, ताणलेल्या नमुन्यावरून ठरवा. तुकडा बोटांनी ओढायचा आणि भिंगाखाली बघायचा. आणि घरातल्या पाण्याच्या शाईच्या प्रिंटरवर स्टिकर पेपर छापून गाडीला लावणारेही भेटतात. त्यांच्यासाठी पहिला पाऊस पुरेसा आहे.

छपाई देताना दोन गोष्टी बजावा. ५४ इंची रोलवर पिकअपची बाजू एका पट्टीत बसत नाही, जोड येणारच. जोडाच्या सगळ्या पट्ट्या एकाच रोलवर, एकाच दिशेनं, एकाच बैठकीत छापून घ्या, नाहीतर एक पट्टी हळदीची आणि दुसरी लिंबाची दिसते. दुसरं, चौकातले जुने फ्लेक्स बघितलेत ना? नेत्यांचे चेहरे निळे पडलेले असतात. उन्हात पिवळी आणि गुलाबी शाई आधी उडते, निळी आणि काळी मागे राहते. गिऱ्हाइकाचा ब्रँडच पिवळा-लाल असेल तर लॅमिनेशनशिवाय काम घेऊ नका.

आणि एखाद्या रिक्षावर फक्त नाव-नंबर टाकायचा असेल तर छापताय कशाला? रंगीत विनाइल प्लॉटरवर कापून लावा. तिथे रंग फिल्मच्या अंगातच असतो, शाई उडायचा प्रश्नच नाही. बिल लहान होतं, पण गाडीवर तुमचं काम वर्षानुवर्षं फिरत राहतं.

काच आणि कायदा

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार जायला हवा. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली. निम्मी काच झाकणारं भोकाभोकाचं वन-वे व्हिजन मागच्या काचेवर या हिशेबात बसतच नाही. ते दुकानाच्या काचेला लावा. नंबर प्लेट, दिवे आणि मालवाहू गाडीच्या चमकणाऱ्या पट्ट्या झाकू नका. अख्ख्या गाडीचा रंगच बदलेल असं रॅप असेल तर आरसी पुस्तकावरच्या रंगाचा प्रश्न येतो. मालकाला आधी आरटीओत विचारून यायला सांगा, मगच रोल उघडा.

लावताना

उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत किंवा सावलीत. तापलेल्या पत्र्यावर गोंद पहिल्या स्पर्शात असा धरतो की उचलून सरळ करता येत नाही. गाडी आदल्या संध्याकाळी धुवून आणायला सांगा, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा, फटी आणि कडा दोनदा. पॉलिश आणि मेणाचा अंश राहिला की तिथूनच सुटतं. थिनर नको, रंग उतरतो.

पट्ट्या मागून पुढे लावत या, म्हणजे पुढची पट्टी मागचीवर चढते आणि पुणे हायवेवरचा वारा जोडात शिरत नाही. आडवा जोड असेल तर कौलांसारखा, वरची पट्टी खालचीवर. कोपरे टोकदार ठेवू नका, गोल कापा. खाचेत कास्ट बसवल्यावर तो भाग पुन्हा शंभर अंशांच्या आसपास तापवायचा असतो. त्यानं फिल्म ताण विसरते. हात अंदाजाला फसतो, म्हणून लांबून तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या.

बिलावर फिल्मचं नाव, लॅमिनेशनचं नाव, शाईचा प्रकार आणि लावल्याची तारीख लिहा. आमच्या गच्चीवर जुन्या शटरचा एक पत्रा ठेवलाय. नवीन रोल आला की त्यातला वीतभर तुकडा छापून, लॅमिनेशन करून तिथे चिकटवायचा, चीर द्यायचा, मार्करनं तारीख टाकायची. व्हॅनच्या त्या कामातला पॉलिमेरिकचा उरलेला तुकडाही तिथेच आहे. सपाट पत्र्यावर आहे, त्यामुळे अजून जागचा हललेला नाही.